रिपोर्टात न दिसणारा नत्र

गेल्या एप्रिलात तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, शेततळ्याचं पाणी बाटलीत भरून माझ्याकडे पाठवलं. गाव मोहोळ तालुक्यात, सीनेपासून फार लांब नाही. तळ्याला प्लास्टिकचं अस्तर आहे, पाणी पावसाळ्यात ओढ्यातून उचललेलं, आणि खाली डाळिंबाची बाग. त्या महिन्यात पाणी हिरवंगार झालं होतं आणि ठिबकचा फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागत होता. मी सोलापुरात पाणी तपासण्याचं काम करतो. नायट्रेट बघितलं, अमोनिया बघितला. दोन्ही जवळजवळ नाहीच. फोनवर तसं सांगितलं तर तात्या म्हणाले, "पाण्यात नत्र नाय म्हनतोस, मग हे शेवाळ काय हवा खाऊन माजलं का रं?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याची दोन उत्तरं मी लगेच दिली. एक म्हणजे पाण्यातलं नायट्रेट शेवाळानं आधीच खाल्लेलं असतं, म्हणून हिरव्या पाण्यात ते कमीच सापडतं. दुसरं, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती खरोखरच हवेतला नत्र ओढून घेतात, म्हणजे तात्यांचं "हवा खाऊन" अगदीच चुकीचं नव्हतं. पण तिसरं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, कारण ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. त्या तळ्यात नत्राचा आणखी एक प्रकार असणार होता आणि माझ्या तपासणीत त्याच्यासाठी रकानाच नव्हता. त्याचं नाव विरघळलेला सेंद्रिय नत्र.

नावातल्या "सेंद्रिय" शब्दानं आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. आपण सेंद्रिय म्हटलं की शेणखत, गांडूळखत, जीवामृत डोळ्यांसमोर येतं, आणि त्याच्या विरुद्ध रासायनिक म्हणजे युरिया, डीएपी. रसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्या रेणूचा सांगाडा कार्बनचा, तो सेंद्रिय. मग तो गाईच्या पोटातून आलेला असो की कारखान्यातून. पाण्यात नत्र तीन-चार रूपांत असतो. नायट्रेट, थोडं नायट्राइट आणि अमोनियम ही असेंद्रिय रूपं साधी, सुटसुटीत. उरलेला नत्र कार्बनच्या सांगाड्यात गुंतलेला असतो: प्रथिनं, त्यांचे तुकडे म्हणजे अमिनो आम्लं, मेलेल्या पेशींतले अवशेष, पालापाचोळा कुजून तयार झालेले ह्युमसचे मोठे गुंतागुंतीचे रेणू. यातलं जे बारीक गाळणीतून, साधारण ०.४५ मायक्रॉनच्या भोकांतून, पलीकडे जातं त्याला विरघळलेलं म्हणायचं असा संकेत आहे.

आणि या यादीत एक नाव असं आहे की ते ऐकून कृषी सेवा केंद्रातला माणूसही चमकतो. युरिया! फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८२८ साली प्रयोगशाळेत, कुठल्याही जिवाच्या मूत्रपिंडाशिवाय, युरिया तयार केला आणि तेव्हापासून तो सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. दुकानात तो रासायनिक खतांच्या थप्पीत असतो, पण पाण्यात विरघळला की रसायनशास्त्राच्या हिशोबानं तो विरघळलेला सेंद्रिय नत्रच.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे २० किलोंहून थोडा जास्त. रानात युरिया टाकला की मातीतलं युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. ओल आणि ऊब असली तर दोन-चार दिवसांत बहुतेक काम होतं. पुढे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. या पहिल्या दोन-चार दिवसांतच खरी गोम आहे. आपल्या काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण भार असतो. अमोनियमवर धन भार, म्हणून माती त्याला धरून ठेवते. युरियाच्या रेणूवर कसलाच निव्वळ भार नाही. माती त्याला फारसं धरत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे तो जातो. उसाला युरिया फेकला आणि त्याच रात्री वळीव कोसळला, तर सरीतून ओढ्याला जो नत्र जातो त्यात मोठा वाटा युरियाचाच असतो. दुसऱ्या दिवशी त्या ओढ्याचं पाणी आणून कुणी फक्त नायट्रेट तपासलं, तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. गोणी वाहून गेली आणि कागदावर त्याचा पत्ताच नाही.

मग लोक हा नत्र मोजत का नाहीत? कारण तो सरळ मोजता येत नाही. तो वजाबाकीनं काढावा लागतो. पाणी गाळायचं, त्यातला एकूण विरघळलेला नत्र काढायचा आणि त्यातून नायट्रेट, नायट्राइट, अमोनियातला नत्र वजा करायचा. जुनी पद्धत योहान केल्डाल यांची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली त्यांनी ती बसवली, आणि कारण होतं बीअरसाठी लागणाऱ्या बार्लीतली प्रथिनं मोजणं. तीव्र सल्फ्युरिक आम्लात नमुना उकळायचा, सेंद्रिय नत्राचा सगळा सांगाडा मोडून त्याचं अमोनियम करायचं, मग ते ऊर्ध्वपातनानं वेगळं काढून मोजायचं. धान्यातली प्रथिनं आजही अशी काढतात. वेळ लागतो, आम्लाच्या वाफांचा त्रास होतो. हल्ली यंत्रं आली आहेत, पण ती सगळीकडे नाहीत.

आणि वजाबाकीचं एक दुखणं आहे. समजा ओढ्याच्या पाण्यात लिटरमागे एकूण नत्र २.० मिलिग्रॅम आला, नायट्रेटमधला १.६ आणि अमोनियातला ०.१. बाकी उरली ०.३. आता पहिल्या दोन मोजण्यांत पाच-पाच टक्क्यांची चूक झाली, आणि तेवढी चूक होतेच, तर ती ०.३ ची बाकी ०.१२ पासून ०.४८ पर्यंत कुठेही असू शकते. नायट्रेट फार असलेल्या पाण्यात कधी कधी बाकी शून्याखाली येते! असं उत्तर आलं की तंत्रज्ञ वैतागतो आणि तो रकानाच सोडून देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण सेंद्रिय नत्राचा तसा आकडा नाही. जिथे मर्यादा नाही तिथे मोजायचा आग्रहही कुणी धरत नाही.

(जाता जाता एक: ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे ४५ मिलिग्रॅम नत्र नव्हे. त्यात ऑक्सिजनचं वजन मोठं आहे, नत्र जेमतेम १०. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवताना हा फरक न पाहिल्यामुळे उगाच घबराट झालेली मी बघितली आहे.)

आता पाणलोटाकडे येऊ. माथा ते पायथा ही भाषा आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही येते, त्यामुळे पाणलोट म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्याकडच्या पाणलोटात या नत्राची खरी हालचाल कधी होते, ते बघण्यासारखं आहे. माझ्या मते वर्षातल्या पहिल्या दोन-तीन पावसांत.

वैशाखात काळं रान आठवा. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा. वरची माती तव्यासारखी तापलेली. त्या मातीत अब्जावधी जिवाणू आणि बुरश्या असतात आणि ओल संपत जाते तसं त्यांच्या अंगातलं पाणीही ओढलं जातं. बरेच मरतात. जे तगतात ते एक युक्ती करतात: अमिनो आम्लांसारखे छोटे, पाण्यात सहज विरघळणारे रेणू पेशीत साठवून ठेवतात, म्हणजे आतलं पाणी आत टिकतं. अशा अवस्थेत अचानक मृगाची सर येते. बाहेर पाणीच पाणी, आत दाट द्रव, त्यामुळे पाणी पेशीत घुसतं. जगायचं असेल तर जिवाणूंना साठवलेला माल ताबडतोब बाहेर टाकावा लागतो. ज्यांना जमत नाही ते फुगून फुटतात. दोन्हींमुळे मातीतल्या पाण्यात सेंद्रिय नत्र एकदम ओतला जातो. उरलेले जिवाणू त्यावर ताव मारतात, कर्बवायू सोडतात, आणि पुढच्या काही दिवसांत अमोनिया आणि नायट्रेट वाढतं. केनियात काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली सुकलेली माती भिजवल्यावर येणारी ही उसळी नीट मांडली, म्हणून तिला बर्च परिणाम म्हणतात.

"उन्हाळ्यात रान तापलं पाहिजे" असं आपली जुनी माणसं म्हणतात. नांगरट करून ढेकळं उन्हात पडू द्यायची. किडींचे कोष मरतात, तणाच्या काशा सुकतात, ही कारणं खरीच. पण तापलेलं रान भिजल्यावर त्यात जोर येतो हा अनुभवही त्यामागे आहे, आणि त्या जोराचा एक भाग हाच नत्र आहे असं मला वाटतं.

अडचण वेळेची आहे. सोलापूर हा मूळचा रब्बीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी असो की मंगळवेढ्याच्या पठारावरचं शाळूचं रान, पेर भाद्रपद-आश्विनातली. हल्ली खरिपात तूर, सोयाबीन, उडीद वाढला आहे, ऊस तर आहेच, पण रब्बीसाठी राखलेलं काळं रान जून ते सप्टेंबर मोकळंच असतं. म्हणजे नत्राची सगळ्यात मोठी उसळी येते तेव्हा रानात ती उचलायला मुळंच नसतात. आणि भेगा उघड्या असतात. पहिलं पाणी मातीतून हळूहळू झिरपत नाही, ते भेगांतून धबाधबा खाली मुरुमात उतरतं. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी वरूनच वाहू लागतं. एक वाट विहिरीला, दुसरी ओढ्याला, आणि दोन्हींनी नत्र जातो.

वाटेत माती आपली चाळणी लावतेच. ह्युमसचे जे मोठे रेणू पाण्याला जरा फटकून असतात, ते चिकण कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडना चिकटून मागे राहतात. प्रथिनं तर फारच घट्ट चिकटतात. युरिया, छोटी अमिनो आम्लं पुढे निसटतात, पण जिवाणूंना ती लगेच खाता येतात, त्यामुळे संथ वाहणाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य तासांचं किंवा दिवसांचं. लांबवर कोण पोचतो? जो ना मातीला चिकटला, ना कुणाला खाता आला. म्हणून नदीत पोचलेल्या सेंद्रिय नत्राचा पुष्कळ भाग जुना, चिवट, लवकर न कुजणारा असतो.

या चिवट नत्राचं महत्त्व जंगलांनी शिकवलं. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक इथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं प्रयोगासाठी तोडली. ओढ्यातलं नायट्रेट इतकं वाढलं की पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं. तेव्हापासून पाणलोट बिघडला की नायट्रेट बघायचं ही सवय जगभर लागली. ती योग्यच होती. पण २००२ साली स्टीव्हन पेराकिस आणि लार्स हेडिन यांनी चिली आणि अर्जेंटिनातल्या, जिथे धुराड्यांचा आणि खतांचा नत्र पोचलेला नाही अशा जंगलांतले १०० ओढे तपासले, तेव्हा चित्र उलटं निघालं. तिथे ओढ्यातून जाणारा बहुतेक नत्र विरघळलेला सेंद्रिय होता, नायट्रेट अगदी नाममात्र. निरोगी जंगल भुकेलं असतं, नायट्रेटचा कण सुटू देत नाही. पण चिवट सेंद्रिय नत्र झाडांना लगेच वापरता येत नाही, तेव्हा गरज असो वा नसो, तो ठिबकत राहतो. बिघडलेल्या नळासारखा. शेकडो वर्षं असं ठिबकलं की त्या जंगलात नत्र किती साठेल हेसुद्धा त्यावर ठरतं. वनस्पती सेंद्रिय नत्र अजिबात घेत नाहीत असंही नाही. स्वीडनच्या जंगलातली झाडं ग्लायसिन हे अमिनो आम्ल जसंच्या तसं मुळांतून उचलतात, हे १९९८ साली दाखवलं गेलं आहे.

आपली भीमा भीमाशंकरच्या घनदाट जंगलात उगम पावते. तिथला पालापाचोळा, पुढे बागायती पट्ट्यातला युरिया, मग मुळा-मुठेतून येणारं पुण्याचं सांडपाणी, ज्यात माणसाच्या मूत्रातला युरिया आणि प्रथिनांचे अवशेष असतात. तिन्ही ठिकाणचा सेंद्रिय नत्र नावानं एकच, पण स्वभावानं तीन प्रकारचा. आणि तो सगळा उजनी धरणात येऊन थांबतो.

थांबतो हा शब्द इथे महत्त्वाचा. वाहत्या नदीत पाणी काही दिवसांत पुढे जातं, चिवट रेणूला कुजायला वेळच मिळत नाही. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी महिनोन्‌महिने राहतं. त्यात आपलं ऊन. १९९६ साली संशोधकांनी दाखवून दिलं की पाण्यातल्या ह्युमसवर सूर्यप्रकाश, विशेषतः अतिनील किरण पडले की त्याचे बंध तुटतात आणि अमोनियम सुटतं. जिवाणूंना जे वर्षभर चावता आलं नसतं, ते ऊन कापून देतं. त्यामुळे नदीत निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेला नत्र पसरट जलाशयात पोचल्यावर शेवाळाचं खाद्य होऊ शकतो. काही निळी-हिरवी शेवाळं युरिया थेटही वापरतात. आणि शेवाळ जगताना, मरताना पुन्हा सेंद्रिय नत्र पाण्यात सोडतं, तो पुन्हा दुसरं शेवाळ खातं. फॉस्फरस पुरेसा असला की हे चक्र फिरत राहतं. तात्यांचं शेततळं म्हणजे या मानानं ओंजळभर उजनी. ओढ्याचं पहिलं पाणी, वर्षभराचं ऊन, वरून पडणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठा आणि बाहेर जायला वाट नाही.

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आलेच, तेव्हा कापडाच्या रंगांबद्दल दोन वाक्यं. रंगांचा एक मोठा गट अ‍ॅझो रंग म्हणून ओळखला जातो. हे नाव अ‍ॅझोट या नत्राच्या फ्रेंच नावावरून आलं, कारण त्या रेणूच्या मधोमध नत्राचे दोन अणू जोडलेले असतात. असा विरघळलेला रंग गटारातून ओढ्यात गेला तर तोही याच खात्यात मोडतो.

पिण्याच्या पाण्याशी या नत्राचा संबंध आहे तो क्लोरीनमधून. गावच्या विहिरीत किंवा टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. पाण्यात अमिनो आम्लं, प्रथिनांचे तुकडे असले तर क्लोरीन आधी त्यांनाच जाऊन चिकटतो आणि सेंद्रिय क्लोरामाइन तयार होतात. यांची जंतू मारायची ताकद फारच कमी. पण ओटी टेस्टमध्ये, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन बघतात त्यात, पिवळा रंग येतोच! फरक वेळेत असतो. मोकळा क्लोरीन असला की थेंब टाकताच पिवळं होतं, बांधलेला असला की रंग हळूहळू, काही मिनिटांत चढतो. टेस्ट करणाऱ्यानं नळी बाजूला ठेवून पाच मिनिटांनी बघितली तर त्याला सगळं ठीक वाटणार. पावसाळ्याच्या सुरुवातीला, ज्या आठवड्यात गावात जुलाबाचे पेशंट वाढतात, त्याच आठवड्यात पाण्यात हा नत्र जास्त असायची शक्यता असते. म्हणून पाणीपुरवठ्याचं काम बघणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की पिवळा रंग लगेच बघा.

तात्यांना मी हे सगळं पाडव्याच्या सुट्टीत बांधावर बसून सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "मग काय, जीवामृत बंद करू का? त्यात बी हेच हाय की." आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, म्हणजे युरिया आणि प्रथिनंच. पण दोनशे लिटरच्या पिंपात नत्र मुळातच थोडा असतो, आणि तो मुळाशी, ओलीत, जिवाणूंच्या तावडीत दिला की जागेवर मुरतो. बंद करायचं काही कारण नाही. युरिया मात्र आभाळ बघून द्यावा, फेकून न देता मातीआड करावा, ठिबकमधून थोडा थोडा दिला तर उत्तमच. बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा ठेवावा. गवत गाळ अडवतं, विरघळलेलं तितकं अडवत नाही, पण पाणी तिथे मंदावलं आणि मातीत मुरलं तर जिवाणूंना खायला वेळ मिळतो.

आणि तळं भरताना ओढ्याचा पहिला लोट उचलू नये, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यापासून मोटर लावावी. यावर तात्या गप्प झाले. मग म्हणाले, "दुसरं पानी येईलच, ह्याची ग्यारंटी कोन देनार?" साधारण साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखात हा सल्ला देणं सोपं नाही हे मलाही कळतं. ज्या वर्षी ओढा एकदाच वाहतो, त्या वर्षी शेवाळासकट पाणी परवडलं. शेवटी आमचं असं ठरलं की यंदा आधी बघायचं. पहिल्या लोटाच्या पाण्याची एक बाटली, अर्ध्या तासानं दुसरी, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. बाटल्या थंड ठेवायच्या आणि त्याच दिवशी गाळायच्या, कारण बाटलीतले जिवाणू वाटेतच नत्र खाऊन टाकतात आणि मग मोजायला भलतंच काहीतरी उरतं.

मृग लागून चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. मागे पावसाचा आवाज. "तिन्हीतल्या दोन भरल्या. पहिल्या बाटलीतला गाळ खाली बसला, तरी वरचं पानी चहावानी दिसतंय बघ."

तो रंग ह्युमसचा. मी म्हटलं, तात्या, दोन्ही बर्फात ठेवा, गाळणी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं येतोय.